खान्देशची मोगरी कुणाच्या हाती?

आषाढी एकादशीच्या दिवशी जळगाव शहरालगतच्या पिंप्राळ्यात विठ्ठल-रुक्मिणीचा रथ निघतो. शतकाहून अधिक काळाची ही परंपरा आहे. एकेकाळी स्वतंत्र गाव असलेले पिंप्राळे आज जळगाव महापालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर बनले असले तरी या एका दिवशी त्याचे गावपण पुन्हा जागे होते. रथाचा दोर ओढायला शेकडो हात पुढे सरसावतात, जयघोष होतो, घराघरांतून पूजा होते. परंतु रथ कुठे वळेल आणि कुठे थांबेल, हे दोर ओढणारी गर्दी ठरवीत नाही. ते ठरवतात चाकांखाली लाकडी मोगरी लावणारे मोजके अनुभवी हात. मोगरी वेळेवर लागली नाही तर रथ भरकटतो; नको तेव्हा लागली तर जागीच खिळतो.

जळगाव जिल्ह्यातील भारतीय जनता पक्षाच्या राजकारणाला २०१४ नंतर जे वळण लागले, ते समजून घेण्यास पिंप्राळ्याचा हा रथ उपयोगी पडावा. एकनाथ खडसे आणि गिरीश महाजन या दोन नेत्यांमधील वर्चस्वाची लढाई म्हणून त्या दशकाचे वर्णन केले जाते. दोर दोघांच्याही हाती होता आणि दोघांनी तो आपापल्या दिशेने ओढला, यात शंका नाही. मात्र मोगरी त्या दोघांपैकी कुणाच्याच हाती नव्हती. ती मुंबईत होती आणि काही वेळा दिल्लीत. सत्ताधारी पक्षातील जिल्हास्तरीय स्पर्धेचा निकाल जिल्ह्यात लागत नाही, हा या साऱ्या संघर्षाचा पहिला धडा आहे. त्याची किंमत मात्र जिल्ह्यालाच मोजावी लागते, हा दुसरा.

ज्येष्ठत्वाचा दावा आणि ऑक्टोबर २०१४

मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचे एदलाबाद. या मतदारसंघाला राज्याच्या राजकारणात वजन मिळण्याची परंपरा जुनी आहे. पुढे राष्ट्रपतिपदापर्यंत पोहोचलेल्या प्रतिभाताई पाटील यांनी १९६७ पासून सलग चार निवडणुका याच मतदारसंघातून जिंकल्या आणि त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्याही झाल्या. काँग्रेसचा हा गड १९९० मध्ये कोथळीच्या एकनाथ खडसे यांनी भाजपसाठी जिंकला आणि २०१४ पर्यंत सलग सहा वेळा राखला. १९९५ च्या युती सरकारात त्यांनी अर्थ आणि पाटबंधारे ही खाती सांभाळली. २००९ ते २०१४ या काळात ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. लेवा पाटीदार समाजाचा भक्कम आधार, सहकारी संस्थांवरील पकड आणि विधिमंडळाच्या कामकाजाची खडानखडा माहिती या तीन खांबांवर त्यांचे नेतृत्व उभे होते.

जामनेरचे गिरीश महाजन १९९५ मध्ये प्रथम विधानसभेवर निवडून आले आणि २०२४ पर्यंत सलग सात वेळा विजयी झाले. दीर्घकाळ खडसे हेच जिल्ह्यात पक्षाचे सर्वमान्य नेते होते आणि महाजन यांची गणना त्यांच्या मागच्या फळीत होत असे. राज्य पातळीवर गोपीनाथ मुंडे आणि नितीन गडकरी असे दोन प्रवाह असताना खडसे मुंडे यांच्या गोटातील मानले जात. मुंडे यांचे ३ जून २०१४ रोजी अपघाती निधन झाले आणि खडसे यांच्या पाठीशी दिल्लीत उभा राहू शकेल असा नेता उरला नाही. खान्देशातील पुढच्या घडामोडींची सुरुवात या घटनेपासून धरायला हवी.

त्याच वर्षी २५ सप्टेंबरला शिवसेनेबरोबरची युती तुटल्याची घोषणा करण्याची अप्रिय जबाबदारी पक्षाने खडसे यांच्यावर सोपवली. निवडणुकीत भाजपला १२२ जागा मिळाल्या. विरोधी पक्षनेता या नात्याने मुख्यमंत्रिपदावर खडसे यांचा दावा स्वाभाविक होता. संसदीय परंपरेचा तसा संकेतही आहे. श्रेष्ठींनी मात्र प्रदेशाध्यक्ष देवेंद्र फडणवीस यांची निवड केली. खडसे यांना महसूल, कृषी यांसह अनेक महत्त्वाची खाती मिळाली. मंत्रिमंडळात त्यांचे स्थान वरचे होते. परंतु वयाने आणि विधिमंडळातील अनुभवाने कनिष्ठ असलेल्या सहकाऱ्याच्या हाताखाली काम करण्याची सल त्यांनी कधी लपवली नाही. डिसेंबर २०१४ च्या विस्तारात महाजन यांचा समावेश होऊन जलसंपदा खाते त्यांच्याकडे आले. जळगावला एकाच वेळी दोन वजनदार मंत्री मिळाले, याचा आनंद तेव्हा जिल्ह्यात सर्वत्र व्यक्त झाला. तो फार काळ टिकला नाही.

राजीनामा आणि नव्या सत्ताकेंद्राचा उदय

पुण्याजवळील भोसरी येथे कुटुंबीयांच्या नावे झालेल्या भूखंड खरेदीवरून आणि अन्य आरोपांवरून खडसे यांना ४ जून २०१६ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला. त्यांनी सर्व आरोप फेटाळले. मंत्र्याच्या कुटुंबीयांचा व्यवहार संशयाच्या भोवऱ्यात सापडल्यावर राजीनामा घेणे हे सरकारचे कर्तव्यच ठरते आणि त्याला केवळ गटबाजीचा रंग देणे योग्य नव्हे. प्रश्न त्यानंतरचा आहे. निवृत्त न्यायमूर्ती दिनकर झोटिंग यांच्या समितीने २०१७ मध्ये अहवाल सादर केला. परंतु त्या सरकारच्या कारकिर्दीत तो विधिमंडळाच्या पटलावर आला नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने २०१८ मध्ये दिलासा देणारा अहवाल न्यायालयात सादर केला, तरी मंत्रिमंडळाचे दार उघडले नाही. खडसे यांनी पक्ष सोडल्यानंतर त्याच व्यवहाराची सक्तवसुली संचालनालयामार्फत पुन्हा चौकशी सुरू झाली आणि जुलै २०२१ मध्ये त्यांच्या जावयांना अटक झाली. व्यवहारातील खरेखोटे ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे. परंतु चौकशीचा वेग आणि नेत्याचे पक्षातील स्थान यांचा संबंध सर्वसामान्यांच्या मनात एकदा जुळला की चौकशीची विश्वासार्हता संपते. दोषी असेल तर तो हुतात्मा ठरतो आणि निर्दोष असेल तर डाग पुसला जात नाही. अहवाल वेळीच जाहीर झाला असता तर या दोन्ही गोष्टी टळल्या असत्या.

खडसे मंत्रिमंडळाबाहेर गेल्यावर जळगावचे पालकमंत्रिपद लगेच महाजन यांना मिळाले नाही. काही काळ ते जिल्ह्याबाहेरील मंत्र्यांकडे होते. दोघांतील वितुष्ट आणखी चिघळू नये, असा त्यामागचा हेतू असेल. परंतु त्यातून जिल्ह्याचा कारभार पाहुण्या मंत्र्याच्या सवडीवर आला. महाजन यांनी याच काळात राज्यभर आपले स्थान निर्माण केले. २०१७ मध्ये नाशिक महापालिकेच्या १२२ पैकी ६६ जागा भाजपने त्यांच्या देखरेखीखाली जिंकल्या. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईत धडकलेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चशी वाटाघाटी करण्यासाठी सरकारने त्यांनाच पुढे केले. आंदोलक असोत, उपोषणकर्ते असोत वा नाराज आमदार, समजूत घालायला महाजन धावून जात. 'संकटमोचक' ही बिरुदावली त्यांना याच काळात चिकटली.

दोन प्रकारच्या नेतृत्वांतील फरक येथे ध्यानात घ्यायला हवा. खडसे यांची ताकद त्यांची स्वतःची होती. जात, सहकार, मतदारसंघ आणि तीन दशकांचा व्याप त्यांनी उभा केला होता. त्यासाठी ते श्रेष्ठींचे ऋणी नव्हते. महाजन यांचीही जामनेरमधील पकड स्वकष्टार्जित आहे, परंतु राज्यातील त्यांचे वजन मुख्यमंत्र्यांच्या विश्वासातून आले. सत्तेतील कोणत्याही मुख्यमंत्र्याला पहिल्यापेक्षा दुसऱ्या प्रकारचा नेता सोयीचा वाटतो. स्वबळावर उभा असलेला नेता उद्याचा स्पर्धक ठरतो. विश्वासावर उभा असलेला नेता हुकमी सहकारी राहतो.

काँग्रेसच्या ऐन भरात महाराष्ट्राने हेच पाहिले होते. जानेवारी १९८२ मध्ये बॅरिस्टर अंतुले यांच्या जागी बाबासाहेब भोसले यांचे नाव दिल्लीहून आले, तेव्हा स्वतःचा जनाधार नसणे हीच त्यांची मोठी पात्रता ठरल्याची चर्चा झाली. काँग्रेसच्या या दरबारी पद्धतीवर भाजपने वर्षानुवर्षे टीका केली. सत्ता हाती आल्यावर पक्ष वेगळा राहिला, पद्धत मात्र तीच झाली.

महापालिका जिंकली आणि निसटली

जळगाव शहरावर अनेक वर्षे सुरेशदादा जैन यांचे एकछत्री वर्चस्व होते. १९८० पासून ते सतत विधानसभेवर निवडून येत राहिले. पक्ष बदलले, पण आमदार बदलला नाही. घरकुल प्रकरणात २०१२ मध्ये झालेल्या अटकेनंतर हे साम्राज्य डळमळले. २०१४ मध्ये भाजपचे सुरेश भोळे यांनी त्यांचा पराभव केला. ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने जैन यांच्यासह ४८ जणांना दोषी ठरवले; शिक्षेविरुद्धची अपिले उच्च न्यायालयात गेली. झोपडपट्टीवासीयांसाठी हजारो घरांची योजना आखून प्रत्यक्षात त्यांचा थोडाच भाग पूर्ण करणारी पालिका आणि तिच्या डोक्यावर चढलेले कर्ज, ही त्या काळाची देणगी आहे. पिंप्राळ्यात 'हुडको' हे वसाहतीचेच नाव होऊन बसले आहे. त्याच हुडकोच्या कर्जाने शहराच्या तिजोरीला इतकी वर्षे जखडून ठेवले की रस्ते, गटारी आणि पाणी यांसाठी पैसा नाही, हे उत्तर नागरिकांना तोंडपाठ झाले.

अशा शहराची महापालिका जिंकण्याची संधी २०१८ मध्ये चालून आली. निवडणुकीआधी महाजन यांनी जैन यांच्याशी समझोत्याची बोलणी केली. जैन यांच्याशी आयुष्यभर उभा दावा मांडलेल्या खडसे यांचा त्यास विरोध होता. बोलणी फिसकटली आणि दुसरा मार्ग निवडण्यात आला. विरोधी गोटातील निवडून येण्याजोगी माणसे पक्षात आणण्याचा तो मार्ग होता. महापौर ललित कोल्हे यांच्यासह अनेक जण ऐनवेळी भाजपवासी झाले. १ ऑगस्टला मतदान झाले आणि ७५ पैकी ५७ जागा भाजपने जिंकल्या. शिवसेनेला १५ आणि एमआयएमला ३ जागा मिळाल्या. जळगावात असे यश पक्षाला पूर्वी कधी मिळाले नव्हते. वर्षभरात शहराचा चेहरामोहरा बदलण्याची आश्वासने प्रचारात दिली गेली होती.

या विजयाचा आयुष्यकाळ अडीच वर्षांचा ठरला. १८ मार्च २०२१ रोजी महापौरपदाच्या निवडणुकीत शिवसेनेच्या जयश्री महाजन यांना ४५ मते मिळाली आणि भाजपच्या उमेदवाराला ३०. भाजपचे २७ नगरसेवक विरोधकांच्या बाजूने गेले होते. राज्यात तेव्हा महाविकास आघाडीचे सरकार होते आणि सत्तेचे लोहचुंबक दुसऱ्या बाजूला सरकले होते, हे खरेच. परंतु ५७ जणांचे बहुमत असे पत्त्याच्या बंगल्यासारखे कोसळते, तेव्हा त्याचा पायाच तपासावा लागतो. सत्तेसाठी आलेला नगरसेवक सत्तेसाठीच जातो. त्याला थोपवून धरणारी निष्ठावंत कार्यकर्त्यांची फळी वर्चस्वाच्या लढाईत आधीच दुभंगली होती. जुन्या कार्यकर्त्यांपैकी कोण खडसे यांचा आणि कोण महाजन यांचा, याच्या याद्या करण्यात पक्षाची जी वर्षे गेली, त्या वर्षांची ही फलश्रुती होती.

धुळ्याचा दाखला

जळगावातील घटनाक्रम हा दोन व्यक्तींच्या स्वभावाचा परिणाम होता, असे मानणाऱ्यांनी शेजारच्या धुळ्याकडे पाहावे. तेथील भाजप आमदार अनिल गोटे यांनी डिसेंबर २०१८ च्या महापालिका निवडणुकीत स्वपक्षाविरुद्धच दंड थोपटले. पक्षात बाहेरून येणाऱ्यांना त्यांचा विरोध होता आणि निवडणुकीची सूत्रे आपल्याकडे असावीत, असा आग्रह होता. श्रेष्ठींनी ती सूत्रे महाजन यांच्याकडे दिली. ७४ पैकी ५० जागा जिंकून भाजपने धुळे काबीज केले. गोटे यांच्या लोकसंग्रामला अवघी एक जागा मिळाली. पुढे गोटे यांनी पक्ष सोडला. महापालिकेच्या निकालाने महाजन यांचे कौशल्य पुन्हा सिद्ध झाले. परंतु वर्ष उलटण्याआधीच, २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत, धुळे शहराची जागा युतीच्या हातून गेली आणि एमआयएमचे फारुख शाह निवडून आले. ती जागा भाजपकडे परत यायला २०२४ उजाडावे लागले.

दोन्ही शहरांत सूत्र एकच दिसते. स्थानिक, स्वयंभू, काहीसा हेकेखोर नेता; त्याच्याविरुद्ध मुंबईचा विश्वास लाभलेला व्यवस्थापक; बाहेरून आणलेल्या उमेदवारांच्या बळावर झगमगता विजय; आणि त्यानंतर अल्पावधीतच पडलेले भगदाड. नेत्यांचे स्वभाव निराळे असले तरी परिणाम सारखाच येत असेल, तर दोष व्यवस्थेत शोधावा लागतो.

उमेदवारीचे राजकारण

२०१९ चे वर्ष खान्देशातील भाजपसाठी निर्णायक ठरले. लोकसभेसाठी जळगावात विद्यमान खासदार ए. टी. पाटील यांना डावलून आधी स्मिता वाघ यांना उमेदवारी जाहीर झाली आणि नंतर ती बदलून उन्मेष पाटील यांना देण्यात आली. त्यानंतर अमळनेर येथील प्रचारसभेत व्यासपीठावरच, मंत्री महाजन यांच्या उपस्थितीत, माजी आमदार बी. एस. पाटील यांना मारहाण झाली. मोदी लाटेत हे सारे झाकले गेले आणि उन्मेष पाटील चार लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले. पाच वर्षांनी २०२४ मध्ये त्यांचीही उमेदवारी कापून ती स्मिता वाघ यांना देण्यात आली. पाटील उद्धव ठाकरे यांच्या पक्षात गेले आणि वाघ निवडून आल्या. २०१९ मध्ये एक पात्र आणि दुसरा अपात्र, तर २०२४ मध्ये नेमके उलट, हे कोणत्या निकषावर ठरले, याचे उत्तर ना कार्यकर्त्यांना मिळाले ना मतदारांना.

ऑक्टोबर २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत तर सहा वेळा निवडून आलेल्या खडसे यांनाच उमेदवारी नाकारण्यात आली. ऐनवेळी त्यांच्या कन्या रोहिणी खडसे यांना उभे करण्यात आले. शिवसेनेचे बंडखोर चंद्रकांत पाटील यांनी त्यांचा सुमारे दोन हजार मतांनी पराभव केला. २०१४ मध्ये जिल्ह्यातील ११ पैकी ६ जागा भाजपकडे होत्या. २०१९ मध्ये त्या ४ झाल्या. मुक्ताईनगर अपक्षाकडे आणि रावेर काँग्रेसकडे गेले. २०२४ च्या महायुतीच्या लाटेत जिल्ह्यातील सर्व ११ जागा युतीने जिंकल्या, त्यात भाजपच्या वाट्याला ५ आल्या. पण मुक्ताईनगर त्यात नव्हते. चंद्रकांत पाटील यांनी शिंदे यांच्या शिवसेनेकडून ते राखले. ज्या मतदारसंघातून जिल्ह्यात भाजप वाढला, तोच पक्षाच्या हातून गेला.

ऑक्टोबर २०२० मध्ये खडसे यांनी भाजप सोडून राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये प्रवेश केला. पक्षत्याग करताना त्यांनी रोख महाजन यांच्यावर नव्हे, तर फडणवीस यांच्यावर ठेवला. आपली लढाई जामनेरशी नसून मुंबईशी आहे, हे त्यांनी यापेक्षा स्पष्ट शब्दांत सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्या स्नुषा रक्षा खडसे भाजपमध्येच राहिल्या, २०१४ पासून तीन वेळा रावेरमधून लोकसभेवर गेल्या आणि जून २०२४ मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाल्या. खडसे स्वतः २०२२ मध्ये विधान परिषदेवर गेले. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी भाजपमध्ये परतण्याची घोषणा केली. परंतु प्रवेशाची औपचारिकता झालीच नाही. राज्यातील नेत्यांचा विरोध असल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले आणि काही महिन्यांनी शरद पवार यांच्याबरोबर राहण्याचा निर्णय जाहीर केला.

खडसे यांचीही या प्रकरणात चूक नव्हती असे नाही. २०१९ मध्ये उमेदवारी नाकारलेल्यांत ते एकटे नव्हते. विनोद तावडे आणि चंद्रशेखर बावनकुळे यांचेही पत्ते कापले गेले होते. दोघे गप्प राहिले. तावडे पक्षाचे राष्ट्रीय सरचिटणीस झाले. बावनकुळे २०२२ मध्ये प्रदेशाध्यक्ष झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये महसूलमंत्री. म्हणजे खडसे यांनी २०१६ मध्ये सोडलेले खातेच त्यांच्याकडे आले. परळीत पराभूत झालेल्या पंकजा मुंडे यांनी नाराजी व्यक्त केली, पण पक्ष सोडला नाही. त्याही मंत्रिमंडळात परतल्या. सत्ताधारी पक्षातील स्पर्धेत संयम हे भांडवल असते आणि खडसे यांनी ते लवकर खर्च केले, असे म्हणावे लागेल. मात्र ज्या पक्षात गप्प बसणे हीच सर्वांत मोठी गुणवत्ता ठरते, तेथे जिल्ह्याचे गाऱ्हाणे मांडायला कोण धजावेल, हा प्रश्नही उरतोच.

हिशेब जिल्ह्याचा

राजकारणातील हार-जीत नेत्यांच्या पदांवरून मोजली जाते. जिल्ह्याचा हिशेब मात्र वेगळ्या वहीत लिहावा लागतो आणि खान्देशात त्या वहीचे पहिले पान पाण्याचे आहे. तापी खोऱ्यात महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे १९१ टीएमसी पाणी आले आहे. त्यातील मोठा भाग अडवला जात नाही आणि पावसाळ्यात तो गुजरातेतील उकाई धरणाकडे वाहून जातो. हे पाणी अडवण्यासाठी १९९७ मध्ये जळगावला तापी पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाले. अमळनेर तालुक्यातील पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्प त्याच दशकातला. पाव शतक उलटून गेले तरी त्याच्या पूर्णत्वासाठी शेतकऱ्यांना आंदोलने करावी लागली. खडसे युती सरकारात पाटबंधारे मंत्री होते. महाजन २०१४ ते २०१९ जलसंपदामंत्री होते आणि डिसेंबर २०२४ पासून तापी खोऱ्यासह काही महामंडळांचा कारभार पुन्हा त्यांच्याकडे आला. ज्या जिल्ह्याने राज्याला दोन पाटबंधारे मंत्री दिले, त्याच्याच नदीवरचे धरण इतकी वर्षे रखडावे, यापेक्षा कडवट विसंगती कोणती?

प्रकल्प रखडण्याचे सारे खापर दोघांच्या भांडणावर फोडता येणार नाही. निधीची चणचण, वाढता खर्च, पुनर्वसन अशी कारणे आहेतच. जळगावात २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याचे श्रेय वैद्यकीय शिक्षण खातेही सांभाळणाऱ्या महाजन यांना द्यायला हवे. तापी महापुनर्भरण योजनेसाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला, हेही महत्त्वाचे पाऊल आहे. परंतु पश्चिम महाराष्ट्रातील नेते एकमेकांचे तोंड पाहत नसतानाही कृष्णेच्या पाण्यासाठी मुंबईत एकत्र जात, हे सर्वांनी पाहिले आहे. तापीसाठी खडसे आणि महाजन यांनी एकाच मोटारीतून मंत्रालय गाठल्याचे चित्र २०१६ नंतर दिसले नाही. एकाचा प्रकल्प हा दुसऱ्याचा विषय नसतो, अशी वाटणी झाली की खजिन्याच्या दाराशी जिल्ह्याचा आवाज अर्धाच पोहोचतो.

दुसरे पान सहकाराचे आहे. जिल्हा मध्यवर्ती बँक आणि जिल्हा दूध संघ या शेतकऱ्यांच्या संस्था. बँकेची सूत्रे काही वर्षे रोहिणी खडसे यांच्याकडे आणि दूध संघाची मंदाकिनी खडसे यांच्याकडे होती. डिसेंबर २०२२ मध्ये दूध संघाच्या निवडणुकीत महाजन आणि गुलाबराव पाटील यांच्या पॅनेलने बहुसंख्य जागा जिंकल्या आणि चाळीसगावचे आमदार मंगेश चव्हाण यांनी खुद्द मंदाकिनी खडसे यांचा पराभव केला. दुधाला भाव किती, पशुखाद्य कसे आणि संघाचा तोटा का, हे त्या निवडणुकीचे विषय असायला हवे होते. लढत मात्र दोन नेत्यांच्या प्रतिष्ठेची ठरली. एका घराण्याची पकड सुटली, तर तिची जागा दुसऱ्या गटाने घेतली. सभासद होता तिथेच राहिला.

तिसरे पान शहराचे. हुडकोच्या कर्जाची एकरकमी परतफेड २०१९ मध्ये राज्य सरकारच्या मदतीने झाली, हा मोठा दिलासा होता. त्यानंतर तरी शहर सावरेल, अशी अपेक्षा होती. परंतु सत्तांतर, नगरसेवकांची पळापळ आणि अपात्रतेच्या तक्रारी यांत महापालिकेची उरलेली वर्षे गेली. २०२३ मध्ये मुदत संपली आणि प्रदीर्घ काळ प्रशासकांचे राज्य आले. पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकावर ताटकळणाऱ्या नागरिकाला उड्डाणपुलासाठी किती वर्षे वाट पाहावी लागली, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. या काळात कोणत्या गटाचा महापौर होता, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

शिकण्यासारखे

सत्ताधारी पक्षात स्पर्धा असणे गैर नाही. ज्या पक्षात दोन नेते नसतात, तेथे एकाचीच मनमानी चालते. जळगाव शहराने त्याचाही दीर्घ अनुभव घेतला आहे. प्रश्न स्पर्धेचा निकाल कसा लागतो, हा आहे. पक्षांतर्गत निवडणुका खऱ्या अर्थाने झाल्या, उमेदवारीचे निकष जाहीर असले आणि आरोपांच्या चौकशीचे अहवाल नेत्याची मर्जी न पाहता जनतेसमोर आले, तर पराभूत नेत्यालाही पक्षात मान राहतो आणि विजेत्यालाही कार्यकर्त्यांचा कौल मिळतो. निकाल वरून लागतो तेव्हा पराभूताला अन्याय वाटतो आणि विजेता वरच्यांचा बांधील होतो. दोघांच्याही नजरा मग जिल्ह्याकडे राहत नाहीत.

महाजन यांचे जिल्ह्यातील आजचे स्थान निर्विवाद आहे. परंतु ज्या विश्वासावर ते उभे आहे, तो विश्वास कायमचा नसतो. एका नेत्याच्या मर्जीतून दुसऱ्याचे पद जाते, हे खडसे यांच्या बाबतीत घडले. उद्या वारा फिरला तर ते कुणाच्याही बाबतीत घडू शकेल. त्या दिवशी सांगण्यासारखे काही हाताशी असावे, एवढी दूरदृष्टी सत्तेत असतानाच दाखवावी लागते. पाण्याने भरलेले पाडळसे धरण ही अशी गोष्ट ठरेल. नेतृत्वाचा अंतिम निवाडा अमळनेर-चोपड्याचा शेतकरी आणि पिंप्राळ्याचा करदाता त्यावरूनच करतील.

आषाढीला पिंप्राळ्याचा रथ मंदिरापाशी परततो, तेव्हा दोर ओढून थकलेले हात आणि मोगरी लावणारे हात एकाच ओळीत प्रसादाला बसतात. खान्देशच्या राजकारणात ती पंगत अद्याप बसायची आहे.